पस्तिशीपुढच्या हॉकीचे नियम: वाचकांचे प्रश्न

पस्तिशीपुढच्या महिलांची विभागीय हॉकी स्पर्धा भरवायची तर नियमपत्रकात काय काय लिहायचं, याबद्दल पालघरपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांनी विचारलं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

वयाची अट कुठल्या तारखेला धरायची? आणि पुरावा म्हणून आधार कार्ड चालेल का? (चिपळूण)

स्पर्धेच्या वर्षातल्या 31 डिसेंबरला 35 पूर्ण होत असतील तर प्रवेश, असं सरळ लिहा. स्पर्धेच्या दिवशीचं वय धरलं की दोन-चार आठवड्यांनी कमी पडणारी एखादी चांगली खेळाडू बाहेर राहते आणि तिच्या संघाशी वाद सुरू होतो. 35 चा आकडा मनचा नाही. वर्ल्ड मास्टर्स हॉकी ही मास्टर्स म्हणजे वयाने मोठ्या खेळाडूंच्या हॉकीची जागतिक संस्था महिलांचे गट 35 पासून पाच-पाच वर्षांनी पाडते. हॉकी इंडियाने 2025 मध्ये चेन्नईत पहिला मास्टर्स कप घेतला, त्यातही महिलांसाठी हीच अट होती.

आधार कार्ड ओळख पटवायला घ्या, जन्मतारखेला नको. जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, जन्मदाखला किंवा पासपोर्ट यांपैकी एक मागा. खरी अडचण पुढेच आहे. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. म्हणून विवाह नोंदणी दाखला किंवा नावबदलाच्या राजपत्राची प्रत जोडावी, हे प्रवेशअर्जातच छापा. ऐन सकाळी टेबलापाशी हे उघडकीला आलं तर कागद घरून मागवण्यात पहिला सामना निघून जातो. कागदपत्रांची छाननी स्पर्धेच्या आठ दिवस आधी संपवा.

संघ पुरा होत नसेल तर किती सूट द्यायची? आमच्या मते सूट फक्त गोलकीपरपुरती ठेवा: एक गोलकीपर 30 च्या पुढची चालेल, पण तिला मैदानी खेळाडू म्हणून उतरवता येणार नाही. ‘तीन खेळाडू कमी वयाच्या चालतील’ अशी मोघम सूट दिली की पंचविशीतल्या तीन जणी सगळे गोल करून जातात आणि बाकीच्या नुसत्या पळत राहतात.

आम्ही 1990 च्या दशकात शाळा-कॉलेजात खेळलो. तेव्हाचे नियम आणि आताचे यांत किती फरक आहे? (रत्नागिरी)

बराच आहे, आणि मास्टर्स स्पर्धेतले निम्मे वाद यातूनच होतात. तुमच्या वेळचा ऑफसाइड 1990 च्या दशकातच गेला. त्यामुळे समोरच्या फॉरवर्ड गोलकीपरच्या पुढ्यात उभ्या दिसल्या तर हात वर करून थांबू नका, खेळ चालूच असतो. फ्री हिट (समोरच्या संघाच्या चुकीबद्दल मिळणारा फटका) दुसऱ्या खेळाडूकडेच द्यायला हवी असं आता नाही. 2009 पासून मारणारी स्वतःच चेंडू घेऊन निघू शकते. मात्र मागच्या रेषेपासून 23 मीटरवरच्या रेषेच्या आतली फ्री हिट आक्रमण करणाऱ्या संघाची असेल तर ती थेट डीत (गोलापुढच्या आखलेल्या क्षेत्रात, जिथूनच गोल मारता येतो) मारता येत नाही. चेंडू आधी 5 मीटर फिरायला हवा किंवा बचाव करणाऱ्या खेळाडूचा स्पर्श व्हायला हवा. जुन्या खेळाडू सवयीने सरळ डीत ठोकतात आणि फ्री हिट समोरच्या संघाकडे जाते.

लाँग कॉर्नर (बचाव करणाऱ्यांकडून चेंडू नकळत मागच्या रेषेबाहेर गेला की मिळणारा) आता कोपऱ्यातून नाही. चेंडू जिथून मागच्या रेषेबाहेर गेला, त्या जागेच्या सरळ रेषेत 23 मीटरच्या रेषेवरून घेतात. खांद्यावरचा चेंडू स्टिकने खेळता येतो, अट एकच: त्यात धोका नको. आणि ‘किकिंग बॅक’ (पूर्ण साहित्य न घालता गोलकीपरचे हक्क घेणारी मैदानी खेळाडू) हा प्रकार 2019 पासून नाही. म्हणजे एक तर पूर्ण साहित्य घातलेली गोलकीपर, नाही तर अकराच्या अकरा मैदानी खेळाडू. गोलकीपर नाही म्हणून कुणाला नुसतं हेल्मेट घालून पायाने चेंडू अडवायला उभं करता येत नाही.

हे सगळं एका पानावर छापा आणि कर्णधारांच्या सभेत आदल्या संध्याकाळी वाचून दाखवा. नुसतं व्हॉट्सॲपवर टाकलेलं कुणी उघडत नाही.

सहा संघ, एकच मैदान, दोन दिवस. वेळापत्रक कसं बसवायचं? (दापोली)

तीन-तीन संघांचे दोन गट करा. साखळीचे सहा सामने पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी दोन उपांत्य, तिसऱ्या क्रमांकाचा आणि अंतिम. नियमांप्रमाणे सामना 15 मिनिटांच्या चार भागांचा असतो, पण स्पर्धेच्या नियमपत्रकात वेळ कमी करता येते. पस्तिशीपुढच्यांना एका दिवसात दोन सामने असतील तर 10 मिनिटांचे चार भाग पुरे. मधे 2, 5 आणि 2 मिनिटांच्या विश्रांती धरून 49 मिनिटं होतात, म्हणून दर सामन्याला एक तास राखा.

कोकणात दुपारची वेळ सोडायचीच. डिसेंबरातही अकरानंतर घाम थांबत नाही. सामने 7:30, 8:30, 9:30, 10:30, मग 3:45 आणि 4:45 असे लावा. गट अ आणि ब यांचे सामने आलटून पालटून आले पाहिजेत: अ1-अ2, ब1-ब2, अ3-अ1, ब3-ब1, दुपारी अ2-अ3, ब2-ब3. यात कुठलाही संघ लागोपाठ दोन सामने खेळत नाही. पण अ1 आणि ब1 यांना मधे जेमतेम सव्वा तास मिळतो. या जागा कुणाला जातील हे चिठ्ठ्या काढूनच ठरवा, नाही तर यजमान संघाने स्वतःला सोयीची जागा घेतली असं बोललं जातं. 4:45 चा सामना दहा मिनिटांपेक्षा जास्त लांबू देऊ नका. डिसेंबरात सहानंतर उजेड झपाट्याने जातो आणि पांढरा चेंडू गोलकीपरला दिसेनासा होतो.

तारखेबद्दल: नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी. त्याआधी मैदान ओलं असतं, त्यानंतर आंब्याची कामं आणि मग शिमगा. सिंधुदुर्गात असाल तर आधी आसपासच्या जत्रांच्या तारखा काढा.

डी आखताना दरवेळी भांडण होतं. नेमकी कशी आखायची? (गुहागर)

डी हे सरळ अर्धवर्तुळ नाही, चूक तिथेच होते. गोलाच्या मध्यावर खुंटी ठोकून दोरी फिरवली की डी दोन्ही बाजूंना पावणेदोन मीटरच्या आसपास अरुंद येते. खुंटी ठोकायची ती प्रत्येक खांबाच्या आतल्या, मैदानाकडच्या कोपऱ्याशी. दोरी 14.63 मीटर, आणि हे माप रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत. एका खांबापासून पाव वर्तुळ, दुसऱ्यापासून पाव वर्तुळ, आणि दोन्हींना जोडणारी समोरची सरळ रेषा 3.66 मीटर, म्हणजे गोलाच्या रुंदीएवढी. नायलॉनची दोरी ताणते, म्हणून तार किंवा मोजपट्टी वापरा. डीच्या बाहेर 5 मीटरवर तुटक रेषाही हवी, नाही तर डीजवळच्या फ्री हिटला 5 मीटरचं अंतर पंच ठरवणार कसं? पेनल्टी स्ट्रोकची (एकट्या गोलकीपरसमोर घ्यायच्या फटक्याची) खूण गोलरेषेच्या आतल्या कडेपासून 6.40 मीटरवर. फक्की सकाळी दव असताना मारा, तेव्हा ती जमिनीला धरते. दुपारी खारा वारा सुटला की अर्धी रेषा उडून जाते.

आमचं मैदान तांबड्या मातीचं आहे. पेनल्टी कॉर्नरला (डीतल्या चुकीबद्दल मागच्या रेषेवरून चेंडू आत देऊन गोलावर मारायची संधी) चेंडू उसळून चेहऱ्यावर येतो. मास्टर्ससाठी पेनल्टी कॉर्नरच बंद करावा का? (देवगड)

बंद करू नका, नियम नीट पाळा. पेनल्टी कॉर्नरवरचा पहिला फटका ‘हिट’ असेल, तर चेंडू गोलरेषा ओलांडताना 460 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे गोलातल्या फळीपेक्षा वर नको. वर गेला तर गोल नाही, मग तो कितीही सुंदर असो. पुश, फ्लिक किंवा स्कूपला (स्टिक न उगारता ढकललेल्या किंवा उचललेल्या चेंडूला) ही उंचीची मर्यादा नाही, पण समोरच्या खेळाडूला धोका होईल असा फटका कुठल्याही प्रकारे चालत नाही. आणि चेंडू आधी डीच्या बाहेर जायलाच हवा, त्याशिवाय गोल धरत नाहीत.

आता मैदानाचं. जांभ्याच्या जमिनीत बारीक खडे वर येतात आणि चेंडू त्यावरून उडतो. पावसाळ्यानंतर रोलर एकदा फिरवून भागत नाही. पाणी मारायचं, दोन दिवस वाळू द्यायचं, मग रोलर, आणि पुन्हा एकदा हेच. त्यानंतर दोन्ही डी आणि त्यांच्यापुढची पाच मीटरची पट्टी माणसं लावून हाताने खडे वेचून साफ करून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण दात वाचवतं.

तिसरी गोष्ट फळीची. पुष्कळ गावांत फुटबॉलचे किंवा हँडबॉलचे गोलखांब वापरतात आणि मागे नुसती जाळी असते. मग 460 ची उंची कशावरून ठरवणार? हॉकीचा गोल 3.66 मीटर रुंद आणि 2.14 मीटर उंच हवा. आत मागची फळी 3.66 मीटर लांब, बाजूच्या 1.20 मीटर, सगळ्या 460 मिलिमीटर उंच. 8 बाय 4 फुटांच्या प्लायवूडच्या एका तुकड्यातून अशा लांब पट्ट्या दोन निघतात. एक पूर्ण आणि एक अर्धी जोडली की मागची फळी होते, तिसरी पट्टी मधे कापली की बाजूच्या दोन. दोन्ही गोलांसाठी तीन तुकडे पुरतात. मागच्या जोडाला मागून लाकडी पट्टी मारा, आतून गडद रंग द्या. फळीचा ‘ठक्’ आवाज आला की गोल झाला का याबद्दल प्रेक्षकही वाद घालत नाहीत.

बचाव करणाऱ्यांनी पेनल्टी कॉर्नरला मुखवटा घालावा. नियम त्याला परवानगी देतो. संघाकडे नसतील तर आयोजकांनी दोन्ही बाजूंच्या गोलामागे चार-चार ठेवावेत. नडगीला शिन पॅड आणि तोंडात माऊथगार्ड यांची सक्ती स्पर्धेच्या नियमातच घाला. बरोबरीने गोलकीपरची गोष्ट: तिचं पूर्ण साहित्य महाग, म्हणून एका संघाचं दुसऱ्याला उसनं देतात. पॅड, किकर (बुटांवरचं जाड आवरण), चेस्ट गार्ड चालतील. हेल्मेट मात्र डोक्याला घट्ट बसतंय ना, हे पंचांनी हनुवटीचा पट्टा ओढून पाहावं.

मंगळसूत्र, बांगड्या, चष्मा यांचं काय? (अलिबाग)

दुसऱ्याला इजा होईल असं काहीही अंगावर नको, हा नियम सगळ्यांना सारखा. काचेच्या बांगड्या अजिबात नाहीत. मंगळसूत्र काढून संघाच्या पिशवीत. बोटातून न निघणाऱ्या अंगठीला टेप चालेल. काचेचा चष्मा नको; मऊ फ्रेम आणि प्लॅस्टिकच्या भिंगाचा खेळाचा चष्मा घ्या. पंचांनी हे सामन्याच्या पाच मिनिटं आधी ओळीने तपासावं, मधे खेळ थांबवून नव्हे.

10 मिनिटांच्या भागात पिवळं कार्ड फार जड होतं का? (पनवेल)

कार्ड मिळालेली खेळाडू बाहेर बसते: हिरवं 2 मिनिटं, पिवळं किमान 5. अर्धा भाग दहा जणींनी खेळायचा म्हणजे जड आहेच, आणि तसंच राहू द्या. कार्ड मिळालेल्या खेळाडूची जागा राखीव खेळाडूने भरायची नसते, हे टेबलावरच्या माणसाला आधी समजावून सांगा. सामना संपेपर्यंत घड्याळ त्याच्याच हातात असतं.

तिघींचे गुण सारखे झाले तर? आणि बाद फेरीत बरोबरी? (कणकवली)

तीन संघांच्या गटात हे हमखास होतं: पहिलीने दुसरीला हरवलं, दुसरीने तिसरीला, तिसरीने पहिलीला. विजयाला 3, बरोबरीला 1 गुण. मग क्रम लिहून ठेवा: गुण, जिंकलेले सामने, गोलफरक, केलेले गोल, आपसातला निकाल, आणि तरीही सुटलं नाही तर शूटआउट. हजर न झालेल्या संघाविरुद्ध किती गोल धरायचे हेही आधीच लिहा, नाही तर एका संघाचा गोलफरक उगाच फुगतो.

बाद फेरीत प्रचलित पद्धत शूटआउटची: 23 मीटरच्या रेषेवरून निघून 8 सेकंदांत गोल, प्रत्येकी पाच जणी. दिवसाचा दुसरा सामना संपवून दमलेल्या पन्नाशीच्या खेळाडूने पूर्ण वेगाने धावत गोलकीपरवर जायचं, हे आम्हाला पटत नाही. मांडीचा स्नायू तिथेच भरतो आणि दोघी एकमेकींवर आदळतात. 45 च्या पुढच्या गटासाठी त्याऐवजी 6.40 मीटरवरून पाच-पाच पेनल्टी स्ट्रोक ठेवा. पाच जणींची नावं सामना संपल्यावर तीन मिनिटांत लेखी टेबलाकडे द्यायची. बाहेर काढलेली किंवा कार्डावर असलेली खेळाडू त्यात नको.