वावर विकताना दलालाला दोन टक्के द्यावे का? नेमके कशाचे?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या मागे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं 5 एकर वावर विकायचंय, राहता पुण्यात, भाव एकरी 9 लाख धरला तर 45 लाख होतात आणि गावाकडचा दलाल 2 टक्के, म्हणजे 90 हजार मागतोय. "गिऱ्हाईक तर तो दोन फोनवर आणेल, मग एवढे कशाचे?" मी याच भागात 17 वर्षं जमिनीचे व्यवहार करतो, म्हणून लिहितोय.

गिऱ्हाईक आणणं हे आमच्या कामातलं सगळ्यात सोपं काम. तेवढंच करून मोकळा होणाऱ्याला 2 टक्के देऊच नका. खरी मेहनत लागते ती इसारचिठ्ठीपासून, म्हणजे आगाऊ रक्कम देऊन सौदा लिहिण्यापासून, खरेदी लागेपर्यंत, म्हणजे खरेदीखताची नोंदणी होईपर्यंत.

मागच्या हंगामातला एक व्यवहार सांगतो. 3 एकर वावर, सातबाऱ्यावर दोन भाऊ आणि एक बहीण. भाव ठरला. भाऊ म्हणाले, बहिणीचं काही नाही, ती सही करून देते. मी कागद घेऊन तिच्या गावी गेलो, माझ्या घरापासून 52 किलोमीटर. मावशीनं चहा दिला, पण कागदाला हात लावला नाही. "तुमी कोन? माह्या भावाले इथं यायले पाय नाहीत काय?" एवढंच बोलली. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला तिच्या सुनेकडून कळलं की बापाची तेरवी झाल्यापासून एकही भाऊ तिच्या दारात आला नव्हता. चौथ्या खेपेला मी थोरल्या भावाला गाडीवर मागं बसवून घेऊन गेलो. तो ओसरीवर नुसता बसून राहिला, मग दोघंही रडायला लागले. मी बाहेर निंबाखाली अर्धा तास उभा होतो. तिनं हक्कसोड, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा कागद, करून दिली नाही, तिच्या हिश्शाचे पैसे चेकनं घेतले आणि खरेदीखतावर सही केली. ते पैसे तिचेच होते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतका आहे, 2005 च्या दुरुस्तीनं तर त्यात शंकाच ठेवली नाही. या चार खेपांचं बिल कोणत्या रकान्यात लिहायचं? ते दलालीतच येतं.

कागदांचं म्हणाल तर डिजिटल सातबारा 15 रुपयांत घरबसल्या मिळतो, त्यामुळे लोकांना वाटतं काम संपलं. सातबारा आज काय आहे ते सांगतो, तसा का झाला ते जुन्या फेरफारात, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींत असतं. जमीन भोगवटादार वर्ग-2 ची, म्हणजे विक्रीवर सरकारची बंधनं असलेली, असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. सीलिंगच्या, म्हणजे कमाल जमीनधारणेच्या कायद्यात सरकारनं वाटलेली जमीन असेल तर तोच प्रश्न. भूदान चळवळीत दान मिळालेली असेल तर विकताच येत नाही, आणि वर्धा म्हणजे विनोबांचा जिल्हा, इथं ते तपासावंच लागतं. मूळ मालक आदिवासी असेल तर महसूल संहितेचं कलम 36 आणि 36-अ आडवं येतं. मग सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा, आणि वावरापर्यंत पांधण, म्हणजे शेतरस्ता, आहे की शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून (बांधावरून) जावं लागतं, ते. सुरुवातीच्या काळात मी एकदा वर्ग-2 चा शेरा नीट न वाचता इसार करून दिला. गिऱ्हाइकाचे पैसे आठ महिने अडकले, मला तोंड दाखवायची लाज वाटायची. तेव्हापासून 1954-55 च्या अधिकार अभिलेखापर्यंत मागं गेल्याशिवाय मी इसाराचा कागद लिहीत नाही.

गिऱ्हाईकही तपासावं लागतं. विदर्भासाठी 1958 चा वेगळा कूळकायदा आहे, त्याच्या कलम 89 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. नागपूरचा एखादा व्यापारी रोख इसार घेऊन दारात उभा राहतो, आणि शेतकरी असल्याचा कागद मागितला की गप्प होतो. तोवर त्याला वावर दाखवण्यात तीन दिवस गेलेले असतात.

आता तुमचे 90 हजार. गावात ज्यानं खबर दिली, धुरे दाखवले, शेजाऱ्याशी बोलणं करून दिलं, त्या माणसाचा तिसरा हिस्सा आमच्याकडे ठरलेला आहे. 30 हजार तिकडे गेले. पेट्रोल, तहसील-दुय्यम निबंधकाच्या चकरा, नकला, टायपिंग, वकिलाच्या सर्च रिपोर्टसाठी (जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल) आधी खिशातून घातलेले पैसे, असे 12-15 हजार सहज जातात. राहिले 45 हजार. पण माझ्या वहीत मागच्या हंगामात 23 वावरं दाखवल्याची नोंद आहे आणि खरेदी लागली फक्त 4 ची. बाकी 19 चे पैसे मला कोणी दिले नाहीत, आणि मागायचा हक्कही नाही. शिवाय हंगाम छोटा. दिवाळीनंतर कापूस घरात आला की लोक बोलायला लागतात, अक्षय तृतीयेपर्यंत चालतं. एकदा मृगाचा पाऊस पडला की काळ्या मातीत माणूसच रुततो, वावर कोण पाहायला येतो?

तरीही आमच्या धंद्यात जे वाईट आहे ते सांगायलाच हवं. काही जण वर ठेवतात. तुम्हाला एकरी 8 लाख सांगतात, घेणाऱ्याकडून 9 लाख घेतात, आणि वरून दोघांकडून दलालीही. यामुळे माणसांना आयुष्यभर फसल्यासारखं वाटतं आणि ते बरोबरच आहे. म्हणून इसाराच्या आधी घेणाऱ्याला समोर बसवा, भाव त्याच्या तोंडून ऐका. दलाली किती, कोणाकडून आणि कधी, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. दुय्यम निबंधकासमोर सह्या होऊन पैसे तुमच्या खात्यात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मी स्वतः इसाराला काहीच घेत नाही. 18 टक्के जीएसटी वर मागितला तर नोंदणी क्रमांक विचारा, वर्षाची कमाई 20 लाखांच्या आत असेल तर ती नोंदणी सहसा लागतच नाही. रेराचा (बांधकाम-प्लॉट व्यवहारांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचा) प्रश्न नुसत्या शेतजमिनीच्या खरेदी-विक्रीत येत नाही, तो लेआऊटमधल्या प्लॉटसाठी.

तुमचे कागद तयार असतील तर दीड टक्क्यावर बोलणी होऊ शकते, मी असतो तर तयार झालो असतो. त्यासाठी वडिलांच्या नावावरून वारसाचा फेरफार आधी लावून घ्या. नोटीस निघाल्यावर हरकतीचे 15 दिवस असतात, म्हणून आजच अर्ज द्या. आणि आत्या आहेत का तुम्हाला? असतील तर दलालाला पाठवायच्या आधी तुम्ही स्वतः त्यांच्याकडे जाऊन या.