खबरदार, 'जो' म्हणाल तर!

'खबरदारी घ्यावी' यात धाक नाही, मग 'खबरदार!' मध्ये तो कुठून आला, असं एकांनी विचारलंय. मूळ अर्थ नुसता जाणता, सावध. 'रात्री खबरदार राहा' यात आजही दम नाही. दम भरतं ते पुढचं अर्धवट वाक्य. 'खबरदार, पुढे आलास तर' एवढंच म्हणायचं. आलास तर काय, ते बोलणारा गिळतो आणि ऐकणारा ओळखतो.

इथेच आम्ही इंदूरकर माती खातो. रामबागेत काय नि सुदामानगरात काय, ऐकू येतं ते 'खबरदार जो गाडी इथे लावली!' हा 'जो' हिंदीतला, तिथे तो 'अगर'चं काम करतो. मराठीत 'जो' आला की पाठोपाठ 'तो' शोधावा लागतो. 'लावलीस तर' म्हणा की! त्या 'स'नेच समोरच्याची कॉलर धरली जाते. नुसत्या 'लावली'त गुन्हेगार मोकाट सुटतो.

आता खरी गंमत. 'खबर' अरबी, तिचं अनेकवचन 'अखबार'. ते राहू द्या. 'दार' फारसी, म्हणजे धरणारा, बाळगणारा. भाषाशुद्धीवाले त्याला परका म्हणून हाकलतात. अहो, तो आपल्या संस्कृत 'धृ' (धरणे) धातूचा चुलतभाऊ आहे! मूळ एकच, पण इराणी भाषांत महाप्राण, म्हणजे 'भ', 'ध' यांतला 'ह', गळाले: इकडे भार, तिकडे बार; इकडे भ्रातृ, तिकडे बिरादर; इकडे धर, तिकडे दार. म्हणजे 'गिरिधर' आणि 'खबरदार' यांची शेपटी सारखीच, आणि आमचे सुभेदार मल्हारराव होळकर या हिशेबाने 'सुभाधर'! मराठीने तर ही शेपटी कुठेही लावली: पाणीदार, डौलदार, टोकदार, भागीदार. शुद्धीवाल्यांनी 'पाणीदार डोळे' शुद्ध करून दाखवावेत, मी वाट बघतो.

त्यांच्याहून थोर एक व्याख्याते. दारावर उभा राहून खबर देतो तो खबरदार, असं ते ठोकून देतात आणि टाळ्या घेतात. दरवाज्याचा फारसी शब्द 'दर', ऱ्हस्व. 'दरवाजा', 'दरवान' यांत तो बसलाय, आणि तो 'द्वार'च्या कुळातला. बाळगणारा 'दार' दीर्घ, त्याचं घराणंच वेगळं. व्याख्यात्यांच्या न्यायाने जमीनदार जमिनीच्या दारात बसलेला आणि कर्जदार कर्जाच्या दारात उभा. दुसरं तेवढं अर्थाने बरोबर निघतं, व्युत्पत्तीने नाही.