९७ गुणांचा गेम मला का आवडत नाही?

"सगळे डोक्यावर घेतात तो गेम मला कंटाळवाणा वाटतो. माझ्यातच काही बिघडलंय का?" गोव्यातल्या कॉलेजच्या मुलांकडून हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकाच्या निमित्ताने सगळ्यांनाच उत्तर देते.

हा डिचोलीचा, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. चवथीला मिळालेल्या पैशांतून त्याने 'रेड डेड रिडेम्प्शन २' घेतला. २०१८ चा गेम, समीक्षकांच्या गुणांची सरासरी देणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर प्लेस्टेशनच्या आवृत्तीला शंभरपैकी ९७. हा मात्र सुरू करायचा आणि सोडायचा.

जेवण, झोप, मित्र, फुटबॉल हे मी आधी विचारून घेतलं. सगळ्यात रस शाबूत होता. मग विचारलं, "पहिल्या दोन तासांत तुझे हात काय करत होते?"

"बर्फातून घोडा चालवला. कपाटं उघडून एकेक डबा उचलला, मॅडम."

"आणि वेळेचं भान कुठे हरपतं?"

"मित्राकडे, फिफा खेळताना. हरलो की लगेच दुसरी मॅच."

"मग ९७ देणाऱ्यांना यात काय आवडलं असेल?"

तो बराच वेळ गप्प राहिला. "हा संथपणाच," तो म्हणाला, आणि स्वतःच चमकला.

हे उत्तर त्याच्याच तोंडून यावं म्हणून मी थांबले होते. बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेल्या एकाच गुणातून इतरांचं कौतुक आलं होतं आणि याचा कंटाळाही. "मला आवडायलाच हवा" हे मनातलं वाक्य दिसलं की स्वतःवरचा संशय ओसरतो, असा माझा अनुभव आहे. उरते ती पैशांची हळहळ, आणि ती टाळता येते.

स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत, खेळ दोन तासांपेक्षा कमी झाला असेल तर पैसे परत मागता येतात. पण या गेमचा बर्फातला पहिला भागच साधारण तेवढा वेळ खातो. मोकळा मुलूख दिसेपर्यंत सवलत हातची जाते. म्हणून पारख आधीच करा. ट्रेलर सोडा, गेमच्या मधल्या भागाचा अर्ध्या तासाचा सलग व्हिडिओ पाहा. नापसंतीची मतं वाचा, तीही दहा-वीस तास खेळलेल्यांची. स्टीमवर प्रत्येक मताशेजारी तास दिसतात. "फार सावकाश" ही तक्रार सावकाशी आवडणाऱ्याला शिफारसच असते! घेतलाच, तर दीड तासाचा गजर लावून बसा.

त्याने पुढे 'हेडीस' निवडला. साधारण अर्ध्या तासाची एक फेरी, मेलं की पुन्हा सुरुवात. तो रमला.

मात्र गेमबरोबर जेवण, मित्र, मैदान असं सगळंच दोन आठवडे बेचव लागत असेल, तर गेम बदलत बसू नका; डॉक्टरांना भेटा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.