ॲक्सल बदलला, आता ऑइल कुठलं?

प्रश्न: मास्तर, नमस्कार. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. वडिलांची १९८८ सालची फोर-व्हील जीप मी अजून चालवतो. मागच्या ॲक्सलचं हाउसिंग वाकलं आणि क्राऊन-पिनियन (चाकांना फिरवणारी दात्यांची जोडी) रडायला लागला, म्हणून नंतरच्या एका गाडीचा अख्खा मागचा ॲक्सल ड्रमसकट आणून बसवला. मिस्तरी म्हणतात, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी), दोन्ही गोळे (ॲक्सलमधले डिफरन्शियल), सगळीकडे एकच नव्वद नंबर ओता. मित्र म्हणतो, ब्रेकला डॉट ५ जातीचं ऑइल टाक, आकडा मोठा म्हणजे माल भारी. ॲक्सल बदलल्यापासून ब्रेकचं पेडल पूर्वीपेक्षा खाली जातं. वर्षातून एकदा आईला घेऊन सप्तशृंग गडावर जातो, त्याआधी गाडी धड करायची आहे.
— एक वाचक, दिंडोरी

उत्तर: पेडल खाली जातंय तोवर आईला घेऊन गडावर जाऊ नका. नांदुरीपासून वर तुमची जीप आरामात चढेल, पण परत खाली उतरायचं आहे. म्हणून ऑइलच्या आधी पेडलचं बोलतो.

पेडल दाबल्यावर स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून पुन्हा हवा काढा. दोन पंपांत वर येऊन कडक लागत असेल तर ड्रमला आतून आवळणाऱ्या शूंवरचे लायनर ड्रमपासून लांब राहिलेत, शू ॲडजस्ट करा. हे दोन्ही करूनही पेडल खालीच राहिलं, तर मला संशय चाकातले शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा आहे. ॲक्सलबरोबर तेही दुसऱ्या गाडीचे आले, आणि मास्टर सिलिंडर मात्र तुमच्या जीपचा जुनाच आहे. समजा सहा सुताच्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जागी सात सुताचा सिलिंडर आला. फरक एका सुताचा दिसतो, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे ३६ चे ४९ होतात. शू तेवढेच सरकवायला मागच्या चाकांना ३६ टक्के जास्त तेल लागणार, आणि ते पुरवायला पेडल खाली जाणार. त्याहून मला काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. त्याच दाबाला मागचे शू तेवढ्याच पटीने जोरात आवळले जातात. पावसात ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडली की गाडीची शेपूट फिरते. कुठलंही महाग ब्रेक ऑइल यावर उपाय नाही. सिलिंडर उघडून व्हर्नियरने मापा, आणि मास्टरला जुळणारा व्हील सिलिंडर त्याच बॅकप्लेटवर बसतो का ते बघा. मग मोकळ्या ओल्या मैदानात कमी वेगाने ब्रेक मारून खात्री करा: मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडता कामा नयेत.

आता डॉट ५. तुमच्या मित्राची चूक खूप जण करतात. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, रंगाने जांभळं. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉलची. ५ आणि ५.१ हे एकाच घरातले वाटतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. तुमच्या लाइनमध्ये आज जे आहे ते बहुधा ग्लायकॉलचं आहे. त्यात सिलिकॉन मिसळायचं नाही. शिवाय सिलिकॉन पाणी शोषत नाही. आत शिरलेलं पाणी थेंब होऊन व्हील सिलिंडरच्या तळाशी बसतं, तिथे गंज धरतो आणि ड्रम तापला की ते शंभर अंशांना उकळतं.

तुम्ही डॉट ४ घ्या. कोरडं असताना डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळायला नको, डॉट ४ किमान २३० पर्यंत. हवेतली ओल मुरून त्यात ३.७ टक्के पाणी झालं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच आलात तर सिलिंडरपाशी एवढी उष्णता पोचू शकते. तेल उकळून वाफ झाली की पाय वाफ दाबत बसतो, शू हलत नाहीत. म्हणून डबा सीलबंद घ्या, फोडून उरलेला पुढच्या वर्षीसाठी ठेवू नका, दर दोन वर्षांनी सगळं तेल बदला. आणि गड उतरताना दुसरा गिअर. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोडवतं.

ब्रेक ऑइल हे प्रत्यक्षात ऑइल नव्हे, आणि त्या नावाने झालेलं नुकसान मी पाहिलं आहे. मी सातपूरला गॅरेज चालवत होतो तेव्हा एक टेम्पो टोचन करून आणला होता, चारही चाकं जाम. वाटेत कुणीतरी ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल ओतलं होतं. आतली रबरं भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगली होती, तेल परत यायचं भोक बुजलं होतं, शू मागे सरकतच नव्हते. मास्टर, चारही व्हील सिलिंडर, होसपाइप, सगळ्यांची रबरं बदलली आणि पाइप धुऊन काढले. चालक धडधाकट होता, एवढं बरं झालं.

आता गोळा. मिस्तरींचा "नव्वद नंबर" हा फक्त ऑइलचा जाडपणा सांगतो. आत कुठलं रसायन आहे ते डब्यावरच्या जीएल-४ किंवा जीएल-५ वरून कळतं. मागच्या गोळ्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसलेला असतो. याला हायपॉइड म्हणतात. दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासत सरकतात. साधी ऑइलची फिल्म तिथे टिकत नाही, म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते. गोळ्यात जीएल-५ च, ८० डब्ल्यू-९०. ट्रॉली भरून द्राक्षं ओढत असाल तर ८५ डब्ल्यू-१४०. निफाडच्या थंडीची भीती नको, ८५ डब्ल्यूची परीक्षा उणे १२ अंशांवर घेतलेली असते.

गिअरबॉक्समध्ये मात्र गिअर सहज पडावा म्हणून पितळी सिंक्रो रिंगा आहेत. सगळंच जीएल-५ पितळ खातं असं नाही, पण कुठलं खात नाही ते तुम्हाला दुकानात कळणार नाही. तिथे जीएल-४ घाला. तुमच्या जीपमध्ये ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला पाठ लावून बसलेली असेल तर एकातलं ऑइल दुसऱ्यात झिरपतं, म्हणून दोन्हींत एकच जीएल-४.

तुम्ही विचारलं नाही, पण फोर-व्हील आहे म्हणून विचारतो: पुढच्या आणि मागच्या गोळ्याचा रेशो जुळतो का? क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात. ४३ आणि ८ असतील तर ५.३७५, ४१ आणि ९ असतील तर ४.५६. दोन्हीकडे वेगळा आकडा आला तर फोर-व्हील टाकूच नका, पुढचं-मागचं एकमेकांना ओढत ट्रान्सफर केस फोडेल. हे ऑइलने सावरत नाही.

ॲक्सल बसवताना पिनियनचं नाक वर गेलं असेल तर भरायच्या बोल्टाची जागाही फिरली. बोल्टाच्या भोकापर्यंत भरलंत तरी पुढच्या पिनियन बेअरिंगला ऑइल कमी पडू शकतं. मूळ गाडीत तो किती अंशांत बसत होता ते मिस्तरींकडून तपासून घ्या. हाउसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायची वाट) काढून फुंकून बघा. मातीने बुजला असेल तर तापलेली हवा ऑइल सीलमधून ऑइल बाहेर ढकलते आणि ते ड्रममध्ये उतरतं. ऑइल प्यालेला लायनर पेट्रोलने धुऊन परत वापरू नका, दोन्ही बाजूंचे नवे टाका. ऑइल बदलताना भरायचा बोल्ट आधी उघडा. तोच गंजून अडकला असेल आणि खालून सगळं सोडून बसलात तर गाडी जागेवरून हलणार नाही.

कागदांचंही करा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांचे नियम आहेत. पेठ रोडच्या आरटीओत जाऊन हा बदल नोंदवावा लागतो का ते विचारा, विम्याच्या वेळी अडचण नको.

मास्टर आणि मागचे व्हील सिलिंडर मापलेत की दोन्ही आकडे मला लिहून पाठवा. कुठला सिलिंडर घ्यायचा ते पुढच्या अंकात नेमकं सांगतो.