व्हॅल्हाला घेतलास, आता जरा ऐक

भाऊ, 'असॅसिन्स क्रीड व्हॅल्हाला' हा व्हायकिंगांचा व्हिडिओ गेम 2020चा आहे, पण लांबीला अजूनही भारी. मुख्य कथाच साठेक तास खाते. मधले प्रांत एकाच साच्यातले, तिथं कंटाळशील. लपूनछपून खेळायची हौस असेल तर तीही अर्धीच भागते. धाडी मात्र झकास! शिंग फुंकायचं, मठ लुटायचा, सामान आणून रेव्हन्सथॉर्पात, म्हणजे आपल्या वस्तीत, आधी लोहाराचं घर बांधायचं. नकाशावर प्रत्येक प्रांताला लागणारा ताकदीचा आकडा बघूनच पुढं जा. माझी ताकद 20 असताना 130च्या केंट प्रांतात घुसलो, एका फटक्यात आडवा! फ्लायटिंग सोडू नको. यमकातली टोमणेबाजी आहे ती, नागपुरात बर्डीच्या पानठेल्यावर तयार झालेला माणूस सहज जिंकतो. अन् मे महिन्यात दुपारी खेळू नको बाप्पा, गेममधल्या नॉर्वेच्या बर्फातही पीसी तापतो.