पुण्यात पुढची गाडी इलेक्ट्रिक घ्यावी की हायड्रोजनची वाट पाहावी?

वाट पाहू नका, इलेक्ट्रिक घ्या. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला साधारण 50 ते 55 युनिट वीज लागते आणि त्यावर गाडी शंभरेक किलोमीटर जाते. तेवढीच वीज थेट बॅटरीत भरली तर छोटी गाडी तीनशेच्या आसपास जाते. शिवाय हायड्रोजन 700 बार, म्हणजे हवेच्या साधारण 700 पट दाबाने टाकीत भरायचा, त्याचे पंप उभारायचे, हा खर्च वेगळाच.

म्हणून हायड्रोजन टाकाऊ ठरत नाही. 2022 मध्ये आपल्याच पुण्यात केपीआयटी ही इथलीच कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी देशी फ्युएल सेल बस, म्हणजे हायड्रोजनपासून स्वतःच वीज बनवून धावणारी बस दाखवली, तेव्हा ऊर भरून आला होता. केंद्राच्या हरित हायड्रोजन मिशनचं उद्दिष्ट 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हरित, म्हणजे सौर-पवन अशा स्वच्छ विजेवर बनवलेल्या हायड्रोजनचं आहे. तो आधी खत कारखाने, पोलाद, रिफायनऱ्या यांना मिळावा, असं मला मनापासून वाटतं. तिथे त्याला पर्याय फार थोडे आहेत.

खरी अडचण पार्किंगची. कोथरूडच्या आमच्या जुन्या सोसायटीत मीटरपासून माझ्या जागेपर्यंत केबल ओढायची परवानगी मिळवायला चार महिने गेले. आता रात्री प्लग लावतो, सकाळी गाडी तयार. सरकारने सबसिडीइतकंच लक्ष या चाळीस फुटांच्या केबलकडे द्यायला हवं, आणि दुपारी सौर वीज भरपूर असते तेव्हा ऑफिसात चार्जिंग मिळेल हे बघायला हवं.

बुकिंगआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग आणि मीटरचा मंजूर लोड (एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे ते) मात्र तपासून घ्या.