'लुमुम्बा' बघण्याआधी इतिहास वाचावा का?

काँगोबद्दल काहीच माहीत नसताना राऊल पेकचा 'लुमुम्बा' (२०००) हा सिनेमा कळेल का, असं विचारलंय. कळेल. फक्त चार नावं आधी डोक्यात बसवून घ्या, नाहीतर कोण कोणाच्या बाजूचा हे शोधण्यातच अर्धा सिनेमा जाईल. लुमुम्बा पंतप्रधान, कासाव्हुबू राष्ट्राध्यक्ष, मोबुटू लष्करातला आणि चोम्बे कटांगा प्रांत घेऊन फुटलेला. तांब्याच्या खाणी कटांगातच होत्या आणि बेल्जियन भांडवलाच्या ताब्यात होत्या. बाकी भांडण कशाचं, ते ओळखालच.

जेवताना मात्र लावू नका. सुरुवातच प्रेतांची विल्हेवाट लावण्यापासून आहे, आणि पुढची गोष्ट मेलेला लुमुम्बाच सांगतो.

३० जून १९६०ला, काँगो बेल्जियमपासून स्वतंत्र झाला त्या दिवशी, लुमुम्बाने बेल्जियमच्या राजासमोर केलेल्या भाषणाचं सगळे कौतुक करतात. लुमुम्बा झालेल्या एरिक एबुआनेने ते केलंयही झकास. पण माझा जीव अडकतो तो मोबुटूने सत्ता हातात घेतल्यानंतरच्या लुमुम्बाच्या नजरकैदेत. घराभोवती आत संयुक्त राष्ट्रांचे सैनिक, ते वाचवायला. त्यांच्याबाहेर मोबुटूचे, ते पकडायला. २७ नोव्हेंबरच्या रात्री मुसळधार पावसात तो गाडीत लपून निसटला आणि चारच दिवसांत सांकुरू नदीपाशी सापडला. संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याला मध्ये न पडण्याचा हुकूम होता. काँगोतल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचे प्रमुख तेव्हा आपले भारतीय मुत्सद्दी राजेश्वर दयाल होते, हे आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही. १७ जानेवारी १९६१ला त्याला विमानाने कटांगात नेलं आणि त्याच रात्री म्पोलो आणि ओकितो या दोन साथीदारांसह गोळ्या घातल्या. त्याच मोबुटूने १९६६मध्ये त्याला राष्ट्रीय वीर घोषित केलं! तेव्हा सिनेमात मोबुटूवर सुरुवातीपासून नजर ठेवा. आधी तो मित्रच असतो.

तक्रार एकच: घटनांची घाई फार आहे. सहा महिन्यांचं राजकारण दोन तासांत कोंबलंय, त्यात बायको पॉलिनच्या वाट्याला जवळपास काहीच येत नाही.

कैदेतला माणूसच बघायचा असेल तर व्हालेरिओ झुर्लिनीचा १९६८चा इटालियन सिनेमा 'सेदुतो आला सुआ देस्त्रा' शोधा. लुमुम्बावरून बेतलेला नेता, नाव बदललेलं, वुडी स्ट्रोडने केलाय. त्याच्या कोठडीत एक भुरटा चोर असतो. येशूशी तुलना जरा जास्तच ठळक आहे, पण त्या दोघांचे प्रसंग बघाच.